धुक्यात ठेवलेले पाहुणे

जहाज येणार असं कळलं की सेंट हेलेनावर ज्याच्याकडे गाडी आहे तो टॅक्सीवाला होतो, आणि ज्याच्याकडे नाही तो कुणाची तरी मागून आणतो. डेंझिलने सासऱ्यांची मागून आणली.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," तो आर्लीनला म्हणाला. "दोन पाहुणे. सकाळी धक्क्यावरून उचलायचे, बेट दाखवायचं, दुपारी धक्क्यावर नेऊन सोडायचे. यात बिघडण्यासारखं आहे काय?"

आर्लीन तशी गप्पच असायची. लग्नाला दीड महिना झाला होता आणि तेवढ्यात तिला एवढं कळून चुकलं होतं, की डेंझिल 'यात बिघडण्यासारखं आहे काय' असं विचारतो तेव्हा त्याला उत्तर नको असतं. उत्तर त्याला यथावकाश मिळतंच. (न्हाणीघराचा नळ दुरुस्त करायला घेताना त्याने हेच विचारलं होतं. तेव्हापासून घरातली सगळी माणसं स्वयंपाकघरात तोंड धूत होती.)

आता घर म्हणजे डेंझिलच्या आईचं, हाफ ट्री हॉलोतलं. नवराबायको मागच्या खोलीत राहायची. ती खोली आणि सासूबाईंची खोली यांच्यामध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन होतं, पण ते केवळ सभ्यतेपुरतं. दिवे मालवल्यावर डेंझिलने हळूच "झोपलीस?" असं विचारावं, आणि पलीकडून उत्तर यावं, "नाही रे बाळा, गुडघा ठणकतोय."

म्हणून तर त्या दिवशी जहाज आलं हे आर्लीनला मुळीच आवडलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ती दोघं लेव्हलवूडच्या आपल्या घरी राहायला जायची होती. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, एक पलंग. रविवारमागून रविवार घालवून दोघांनी स्वतः रंगवलेलं. आणि मुख्य म्हणजे शेजारचं घर एवढं लांब की तिथल्या गुडघ्यांची खबर यायचा संभव नव्हता. पलंग गेल्या बोटीने आला होता, चादर तिने स्वतः शिवली होती. फक्त दिवस मावळायचा बाकी होता. आणि याला नेमके आजच पाहुणे सुचले!

सकाळी डेंझिल लग्नातला कोट घालून धक्क्यावर उभा राहिला. मोठी जहाजं बाहेरच नांगरतात आणि माणसं लहान बोटीतून येतात. बोट लाटेबरोबर वर आली की वरून लोंबणारा दोर पकडायचा आणि पायरीवर उडी टाकायची, अशी आमच्याकडे उतरायची रीत. त्या दोराला लोंबकळत मिस्टर टॉफ्ट आले आणि पाठोपाठ मिसेस टॉफ्ट आल्या. दोघंही डेन्मार्कचे, दोघंही साठीपुढचे, दोघांचेही बूट डोंगर चढायचे.

"सुस्वागतम!" डेंझिलने सुरुवात केली. "सम्राट नेपोलियन याच धक्क्यावर..."

"नेपोलियन नको," मिस्टर टॉफ्ट म्हणाले.

"नको?"

"आम्हाला निसर्ग बघायचाय. तो हृदयाच्या आकाराचा धबधबा आणि ते दोन सुळके. लोट आणि लोटची बायको. बस, एवढंच."

डेंझिलचा चेहरा पडला. नेपोलियन त्याने आठवडाभर पाठ केला होता, तारखांसकट. निसर्ग काय, तो लहानपणापासून आजूबाजूला होता. त्याच्याकडे मुद्दाम बघायची वेळ कधी आली नव्हती.

आधी धबधबा. कडा हृदयाच्या आकाराचा होता, त्याबद्दल वाद नव्हता. पाणी मात्र नव्हतं. मधोमध एक ओलसर रेघ होती आणि तिच्या टोकाला एक पक्षी चोच पुसत बसला होता.

"धबधबा कुठाय?" मिसेस टॉफ्टनी विचारलं.

"हाच," डेंझिल म्हणाला. "सध्या नुसतं हृदय आहे."

मिस्टर टॉफ्टनी त्या ओलाव्याचा फोटो घेतला. माणूस सोशिक होता. आर्लीनने मागच्या सीटवरून माशाच्या वड्यांचा डबा पुढे केला, तेव्हा दोघांनी दोन-दोन खाल्ल्या आणि मिरचीमुळे डोळ्यांत आलेलं पाणी पुसत "फारच छान" म्हणाले.

मग गाडी वर चढायला लागली. समोरून गाडी आली की डेंझिल स्टिअरिंगवरचा हात उचलायचा आणि समोरचाही उचलायचा. बऱ्याच वेळाने मिसेस टॉफ्टनी विचारलं, "हे सगळे तुमचे नातेवाईक का?"

"अर्धेअधिक."

"आणि बाकीचे?"

"त्यांना हात नाही केला तर घरी येऊन विचारतील, काय रे, आमचं काही चुकलं का?"

काही गाड्या हातावर भागवत नव्हत्या. त्या रस्त्यातच थांबायच्या, काच खाली व्हायची. "काय किटली! नवी बायको काय म्हणते?" (बेटावर प्रत्येकाला एक टोपणनाव असतं. डेंझिल रागावला किंवा घाबरला की आधी त्याचं नाक शिट्टी घालतं, म्हणून तो शाळेपासून किटली. आणि आर्लीन गेल्या दीड महिन्यापासून किटलीची बायको. तिचं स्वतःचं नाव बहुतेकांना आठवत नव्हतं. त्यामुळे लोटच्या बायकोबद्दल तिला मनातून थोडी आपुलकी होती. बायबलातही त्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.)

सँडी बेच्या माथ्यावर पोचले तेव्हा तिथे धुकं होतं. म्हणजे धुकंच होतं, बाकी काही नव्हतं. फ्लॅक्सच्या झुडपांपलीकडे जग संपलं होतं.

डेंझिल कठड्यापाशी गेला आणि त्याने आत्मविश्वासाने पांढऱ्यात बोट दाखवलं. "तो तिथे लोट. आणि जरा उजवीकडे त्याची बायको. देवाने सांगितलं होतं मागे वळून बघू नका, बाईने बघितलं, झाली मिठाचा खांब. बायकांना सांगितलेलं ऐकायला..." इथे त्याला आपली बायको शेजारी उभी असल्याचं आठवलं. "...म्हणजे, वारा फार होता तेव्हा."

"मला काही दिसत नाही," मिस्टर टॉफ्ट म्हणाले.

"आहेत पण!"

"मी थांबतो." मिस्टर टॉफ्ट कट्ट्यावर बसले. "यासाठी मी अर्धा समुद्र ओलांडलाय. धुकं जाईपर्यंत मी हलणार नाही."

आता इथे डेंझिलने तो छोटासा निर्णय घेतला. खालच्या वळणावर त्याच्या आंटी ऑलिव्हचं घर होतं. थंडीत कुडकुडणाऱ्या पाहुण्यांना गरम चहा मिळाला तर किती बरं! "असे जातो आणि थर्मास भरून असे येतो," तो म्हणाला. "यात बिघडण्यासारखं..."

"चल लवकर," आर्लीन म्हणाली. ते वाक्य पुरं होऊ नये एवढीच तिची इच्छा होती.

आंटी ऑलिव्हने दार उघडलं ते ओरडतच. "अगंबाई, जोडीनं आलात! पहिल्यांदा! टायटस, ए टायटस, बघ कोण आलंय!"

"आंटी, फक्त चहा हवाय, थर्मासमध्ये. पाहुणे वर..."

"चहा काय पळून जातोय? बसा आधी. उभ्याउभ्या नव्या नवरीला परत पाठवलं तर तुझी आई मला चर्चमध्ये तोंड दाखवू देईल का?"

दोघं बसली. आधी टमाट्याच्या चटणीचे सँडविच आले, मग खोबऱ्याच्या वड्या आल्या, मग केक आला. आर्लीनने "नको" म्हटलं की आंटी "लाजू नको" म्हणून दोन वाढायची. "बास" म्हटलं की "आवडलं नाही वाटतं" म्हणून तीन. केकनंतर आंटीने आपल्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात टायटस अंकल दिसायचे तेव्हा आंटी म्हणायची, "हा तेव्हा असा नव्हता हं." अंकल खिडकीशी बसून होते. ते बाहेर बघत होते.

तेवढ्यात पाववाला सेड्रिक आला. पाव टेबलावर ठेवून म्हणाला, "किटली, तुझे पाहुणे फार गोड आहेत रे! मला बघून हात केला. आणि तोही आधी त्यांनी!"

डेंझिलची छाती फुगली. "शिकवलंय सगळं. येताना गाडीत."

"परदेशी माणसं एरवी कशी, दगडासारखी. आणि ही दोघं? दोन्ही हातांनी! म्हाताऱ्याने तर टोपी काढून हलवली. मग मला राहवेना. मी गाडीतूनच माझी टोपी फेकली त्याच्याकडे, भेट म्हणून."

"वा!" आंटी म्हणाली. "माणुसकी अजून आहे जगात."

आर्लीनच्या हातातला केक हातातच राहिला. पण घरात नवीन, त्यात नवऱ्याची आंटी, त्यात अल्बम अर्ध्यावर. तिने अल्बमचं पुढचं पान उलटलं.

मग शेजारची मर्टल साखर मागायला आली. "किटली, तुझी ती पाहुणीबाई काय प्रेमळ आहे! मी गाडी घेऊन वळणावर आले तर स्कार्फ सोडून हवेत फिरवत होती. आणि नवरा तिचा? रस्त्याच्या मधोमध! म्हटलं, एवढा उत्साह! मी हॉर्न पण वाजवला, दोनदा, त्यांना बरं वाटावं म्हणून."

"आणि मग?" आर्लीनने विचारलं. घरात शिरल्यापासून ती आपणहून पहिल्यांदाच बोलली होती.

"मग काय? हात केला आणि आले पुढे. तो बाजूला झाला शेवटी. थोडी उडीच मारली म्हण."

"आणि ते ओरडत होते का?"

"हो की! पण काच बंद होती माझी. गाणं म्हणत असतील."

आर्लीन लग्नाआधी वर्षभर इंग्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात कामाला होती. तिथे गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात तिने रस्त्यातून जाणाऱ्या एका बसला सवयीने हात केला होता. बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "चढा." ती म्हणाली, "चढायचं नाहीये, सहज." त्यावर तो जे बोलला ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही, पण त्यातून तिला एवढं समजलं, की बेटाबाहेरच्या जगात माणूस गाडीला सहज म्हणून हात करत नाही.

"डेंझिल," ती म्हणाली.

"थांब ना, अंकलचा तो वाळूतला फोटो..."

"डेंझिल, ते हात करत नाहीयेत. ते गाडी थांबवतायत."

आंटीने अल्बम मिटला. टायटस अंकलनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि त्या दिवसातलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं. "धुकं तर कधीचंच गेलं."

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताच डेंझिलचं नाक बारीक शिट्टी घालायला लागलं. शेवटची बोट सुटायला तासाभराचाही अवधी उरला नव्हता. तो गाडीकडे धावायच्या ऐवजी फोनकडे धावला आणि त्याने थेट बेटाच्या रेडिओला फोन लावला.

"हॅलो! मी किटली! माझे दोन पाहुणे वर माथ्यावर आहेत, कुणाला दिसले तर त्यांना हात करू नका, गाडीत घ्या! धक्क्यावर न्या!... काय?... बोट चुकली तर?" आंटी, मर्टल आणि सेड्रिक त्याच्याकडे बघत होते. असे प्रेक्षक समोर असले की डेंझिल उदार होतो. "चुकली तर काळजी नको! पुढचं विमान येईपर्यंत आमच्या नव्या घरी राहतील! लेव्हलवूडला! पलंग नवा आहे!"

"शाब्बास!" आंटी ऑलिव्ह म्हणाली. "याला म्हणतात संस्कार. पाहुण्यांना आपला बिछाना द्यावा. तुमचं काय, तरुण आहात. आईकडे मागची खोली आहेच."

विमान आठवड्यातून एकदा येतं. आणि ते कालच येऊन गेलं होतं.

आर्लीन उठली. तिने आंटीला नमस्कार केला नाही, "येते" म्हटलं नाही, केकची बशी हातात घेऊन ती तशीच गाडीत जाऊन बसली. (या बशीबद्दल पुढे वर्षभर बोललं गेलं.)

माथ्यावर आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. समोर लोट उभा होता, उजवीकडे त्याची बायको, आणि पलीकडे निळा समुद्र. सकाळपासून याच दृश्यासाठी खटाटोप चालला होता. आता ते होतं आणि कट्टा रिकामा होता.

पुढच्या वळणावर दोघं दिसली. रस्त्याच्या कडेने, एकामागून एक, जेम्सटाऊनच्या दिशेने चालत होती. डेंझिलने आनंदाने हॉर्न दिला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवला.

मिस्टर टॉफ्टनी एकदा त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी आपले दोन्ही हात खिशात घातले आणि ते चालू लागले.

शेवटी गाडी आडवी घालावी लागली.

"मिस्टर टॉफ्ट! मी! डेंझिल!"

"अच्छा," मिस्टर टॉफ्ट म्हणाले. त्यांच्या डोक्यावर सेड्रिकची टोपी होती, पिठाने माखलेली. "आम्हाला वाटलं, आणखी एक जण आनंद व्यक्त करतोय."

"माझा खांदा गेला," मिसेस टॉफ्ट म्हणाल्या.

"बसा, बसा लवकर! बोट..."

"बोटीचंच सांगत होतो आम्ही. सगळ्यांना."

उतार सुरू झाला. आमच्याकडे नियम असा, की वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरणाऱ्याने बाजूला व्हायचं. एरवी हा नियम फार चांगला आहे. त्या दिवशी मात्र बेटावरचं जे जे वाहन होतं ते वर चढत होतं, आणि वाट दिल्यावर थांबून "सापडले का रे पाहुणे?" असं विचारत होतं. रेडिओ सगळ्यांनी ऐकला होता. "सापडले, सापडले!" डेंझिल ओरडत होता, नाकाची शिट्टी आणि ब्रेकची शिट्टी यांतली कुठली कोणती ते कळत नव्हतं, आणि मागे आर्लीन बशी घट्ट धरून मनातल्या मनात प्रत्येक गाडीला शिव्या मोजत होती. ती दिसायला गरीब होती, पण तिचा साठा मोठा होता.

शेवटच्या अरुंद वळणावर समोरून एक व्हॅन आली. डेंझिलने मुकाट्याने गाडी मागे घेतली. व्हॅन हळूहळू शेजारून चढली. टपावर एक गादी दोरीने बांधली होती. आत पुढच्या सीटवर सासूबाई होत्या, त्यांच्या मांडीवर मोठं पातेलं होतं, आणि मागे तीन आंट्या उशा कवटाळून बसल्या होत्या. सासूबाईंनी घाईघाईने हात केला आणि व्हॅन निघून गेली.

"ती आई होती ना?" डेंझिल म्हणाला. "गादी घेऊन कुठे चालली?"

आर्लीनला उत्तर ठाऊक होतं. पण तिने मागे वळून बघितलं नाही. मागे वळून बघणाऱ्या बाईचं काय होतं ते तिने आत्ताच समोर पाहिलं होतं.

धक्क्यावर पोचले तेव्हा बोटीचा दोर सोडायला घेतला होता. डेंझिल कोटाचे पंख करून पळाला, "थांबा! थांबा!" ओरडत. हात करायचं त्याने जाणूनबुजून टाळलं. बोट थांबली. मिसेस टॉफ्टनी लाटेचा अंदाज घेऊन उडी मारली. मिस्टर टॉफ्ट पायरीवर क्षणभर थबकले.

"तुम्ही... लोट बघितलात ना?" डेंझिलने धापा टाकत विचारलं.

"बघितला. त्याची बायकोही बघितली. सगळ्या बाजूंनी बघितली," मिस्टर टॉफ्ट म्हणाले. "आम्हाला दुसरं काही काम नव्हतं." आणि ते लोंबकळत बोटीत गेले.

बोट दूर गेली. धक्क्यावर फक्त ती दोघं उरली. डेंझिलने कोट सारखा केला, बायकोकडे बघितलं आणि तो हसला. "बघ! पोचवले की नाही? आता चल. आपलं घर."

आर्लीनने त्याला सगळं माफ केलं. धबधबा, धुकं, पलंग नवा आहे ते वाक्य, सगळं. एकदा गादीचं आठवलं, पण पाहुणे बोटीत गेले हे आतापर्यंत सगळ्या बेटाला कळलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

बेटाला कळलं होतं. लेव्हलवूडला मात्र डोंगरामुळे रेडिओ नीट लागत नाही.

घराच्या सगळ्या दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडला होता. आत प्लोच्या, म्हणजे आमच्याकडच्या मसालेभाताच्या, पातेल्यातून वाफा येत होत्या, आंट्या ओळीने बसल्या होत्या, आणि पलंगावर, आर्लीनने शिवलेल्या चादरीवर, पाय लांब करून सासूबाई पहुडल्या होत्या.

"पाहुणे कुठेत?" त्यांनी विचारलं.

"गेले, मा. बोट मिळाली."

"मिळाली?" कुणी तरी दगावल्यासारखं सासूबाईंनी विचारलं. "अरे, मग हा पातेलंभर प्लो कुणासाठी केला मी? ट्यूना टाकून! या तिघींना मुद्दाम आणलं, पाहुण्यांना एकटं वाटू नये म्हणून!"

"मग आता..." डेंझिलने चाचरत सुरुवात केली.

"आता काय? अंधारात उतरायचं का आम्ही? राहतो आज. गादी आणलीच आहे." त्यांनी पलंगावर अंग जरा हलवून बघितलं. "आणि खरं सांगू का, या पलंगावर गुडघा बिलकूल दुखत नाही. दोन-चार दिवस राहीन म्हणते."

डेंझिलने आर्लीनकडे बघितलं. त्याचं नाक वाजायला लागलं. आर्लीन मात्र शांतपणे हिशेब करत होती. सासूबाई इथे. तिन्ही आंट्या इथे. म्हणजे तिथे?

"रहा की, मा," ती गोड आवाजात म्हणाली. "हवे तितके दिवस रहा. आम्ही दोघं हाफ ट्री हॉलोला जातो. घर बंद राहायला नको."

"गुणाची गं माझी सून!" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डबा भरून प्लो सोबत दिला.

तर अशा रीतीने, लग्नानंतर पहिल्यांदा, एका छपराखाली फक्त ती दोघं होती. छप्पर चुकीचं होतं, पण त्याला इलाज नव्हता. आर्लीनने खिडक्या लावून घेतल्या. केस मोकळे सोडले. लग्नानंतर घालायला म्हणून शिवलेला आणि या घरात एकदाही न घातलेला निळा झगा घातला. भात गरम करून दोन ताटं वाढली आणि ती हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

डेंझिल खुर्चीत होता. अंगात कोट, पायात बूट, तोंड उघडं. नाक आता शिट्टी घालत नव्हतं, पूर्ण बँड वाजवत होतं.

तिने त्याला एकदा हाक मारली. एकदा खांद्याला हलवलं. मग ती समोर बसली आणि तिने दोन्ही ताटं संपवली. प्लो उत्तम झाला होता. सासूबाईंच्या हाताला चव आहे, हे तिला मान्य करावंच लागलं.